गॉर्डन हॉल यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मराठी छपाईच्या प्रारंभाविषयी लिहिताना, १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांचा या सदरात एका ओळीचा उल्लेख आला होता. त्या एका ओळीवर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी शाळकरी वाचकांची आहेत, आणि त्यांचे प्रश्न इतके नेमके आहेत की या वेळचे सदर हॉल यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. मोठ्यांच्या पत्रांनाही मुलांना कळेल अशाच भाषेत उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी आठवीत शिकते. शाळेच्या उपक्रमासाठी मी गॉर्डन हॉल हे नाव निवडले आहे. ते कोण होते आणि इतक्या लांबून मुंबईलाच का आले? (एक विद्यार्थिनी, गिरगाव)

तुझ्या प्रश्नातील ‘मुंबईलाच का’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण अमेरिकेतून निघताना हॉल यांना मुंबईला यायचेच नव्हते.

गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉलंड या गावी झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ साली पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, आणि एका गावच्या चर्चने त्यांना पाद्री म्हणून बोलावलेही. राहायला घर, ठरलेले वेतन, ओळखीची माणसे असे ते आयुष्य झाले असते. पण त्यांनी नकार दिला, कारण ज्या देशांत ख्रिस्ताचे नाव पोहोचलेले नाही तिथे जायचे असे त्यांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी ठरवले होते. अशा तरुणांना परदेशी पाठवण्यासाठी १८१० साली अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम या बंदराच्या गावी पाच जणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, अ‍ॅडोनायरम जडसन आणि ल्यूथर राइस ही ती पाच नावे उपक्रमाच्या वहीत जरूर लिहून ठेव. अमेरिकेतून आशिया खंडात आलेली मिशनऱ्यांची ही पहिली तुकडी होती.

त्या वेळी सुएझचा कालवा झालेला नव्हता. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येई, आणि हॉल यांचे जहाज फेब्रुवारीत निघून ऑगस्टमध्ये कलकत्त्याला लागले. जवळजवळ सहा महिने समुद्रावर काढून जमिनीवर पाय ठेवला, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत फिरण्याचा हुकूम दिला. याला दोन कारणे होती. एक म्हणजे, १८०६ साली वेल्लोर येथे कंपनीच्या हिंदी शिपायांनी उठाव केला होता, आणि धर्मात ढवळाढवळ होत असल्याचा लोकांचा समज पुन्हा झाला तर राज्य धोक्यात येईल, अशी भीती कंपनीला वाटत होती. दुसरे म्हणजे, हॉल समुद्रावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध सुरू झाले होते. मित्रराष्ट्राचे नागरिक म्हणून निघालेली ही माणसे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली होती.

पाच जणांच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल यांना मॉरिशसला जावे लागले आणि तिथे नोव्हेंबर १८१२ मध्ये त्यांची पत्नी हॅरिएट वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी वारली. हॉल आणि नॉट यांनी मात्र मुंबईला निघालेले जहाज गाठले व फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. थोडक्यात सांगायचे तर, कलकत्त्यात दार बंद झाले म्हणून हॉल मुंबईला आले.

पण हुकूम त्यांच्या मागोमाग मुंबईलाही पोहोचला. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते आणि त्यांना या दोघांविषयी सहानुभूती होती. पण या दोघांना इंग्लंडला रवाना करा, ही कलकत्त्याची आज्ञा मोडणे त्यांना शक्य नव्हते. महिन्यांमागून महिने अर्ज, उत्तरे आणि पुन्हा अर्ज असे चालले. शेवटी दोघांनी कोणालाही न सांगता एका जहाजाने कोचीन गाठले, पण तिथे ते सापडले आणि त्यांना परत मुंबईला आणण्यात आले. तुझ्या उपक्रमात हे लपवू नकोस. असे पळून जाणे योग्य होते का, यावर त्या काळीही प्रश्न उठले आणि दोघांना गव्हर्नरांपुढे त्याचा खुलासा करावा लागला.

डिसेंबर १८१३ मध्ये त्यांना जहाजावर चढवण्याची तयारी झाली, तेव्हा त्यांनी गव्हर्नरांना शेवटचे पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता, की आम्हाला घालवून देण्याची सत्ता आपल्या हातात आहे, आम्ही तिचा प्रतिकार करणार नाही. परंतु एक दिवस आपण आणि आम्ही एकाच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत आणि तिथे या निर्णयाचा जाब द्यावा लागेल, याचा आपण विचार करावा. नेपियन यांनी त्यांची रवानगी थांबवली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली होती, त्यामुळे पुढे हा वाद राहिला नाही. एकोणतीस वर्षांचा हा तरुण अशा रीतीने मुंबईत राहिला आणि मृत्यूपर्यंत मुंबईचाच झाला.

प्रश्न : आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वीपासून ख्रिस्ती आहेत. मग हॉल यांना ‘पहिले’ म्हणणे बरोबर आहे काय? (एक वाचक, वसई)

आपला आक्षेप रास्त आहे. वसई, साष्टी आणि मुंबई या भागात पोर्तुगीजांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, कॅथलिक समाज आहे. मराठीशी ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे नातेही तितकेच जुने आहे; १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हॉल यांच्या जन्माला दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. हॉल आणि नॉट हे मुंबईतील पहिले अमेरिकन मिशनरी, आणि त्यांनी सुरू केलेले अमेरिकन मराठी मिशन हे या प्रांतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशन, एवढेच म्हणणे अचूक ठरेल.

प्रश्न : त्यांना मराठी कोणी शिकवले? तेव्हा पुस्तके होती का? (सातवीतील विद्यार्थी, मुलुंड)

पुस्तके होती, पण अगदी थोडी. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि शब्दकोश १८१० साली छापला होता. शब्दकोशातील मराठी शब्द मोडी लिपीत होते, कारण त्या काळी पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीतच चालत. केरी यांनी बायबलचे काही भागही मराठीत आणले होते. परंतु वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते आणि ते काम झाले बंगालमध्ये. त्यामुळे कोकणातल्या व देशावरच्या माणसाला ती भाषा परकी वाटत असे. हॉल यांना ही अडचण लवकरच जाणवली.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. घरी पंडिताजवळ बसून ते रोज अभ्यास करत, आणि मग बाहेर पडून बाजारात, देवळांच्या ओट्यांवर, रस्त्याच्या कडेला, जिथे चार माणसे उभी असतील तिथे जाऊन बोलत. तू मराठी घरातला असशील तर तुला हे जाणवणार नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला ‘ळ’ आणि ‘ण’ हे वर्ण मुळी ठाऊकच नसतात. ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक त्याच्या कानाला प्रथम ऐकूच येत नाही. शिवाय शेतकऱ्याची भाषा वेगळी, ब्राह्मणाची वेगळी, बंदरावरच्या खलाशाची त्याहून वेगळी. लोक हसत, वाद घालत, कधी उठून निघून जात. तरी दुसऱ्या दिवशी हॉल पुन्हा तिथे असत. त्यांचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते ते या गोष्टीचे. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, लोकांनी आपली भाषा शिकावी अशी अपेक्षा न धरता त्यांनी स्वतः लोकांची भाषा शिकून घेतली, आणि काही वर्षांत ते अस्खलित मराठीत व्याख्यान देऊ लागले.

याच काळात त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या मोफत होत्या, वाचन, लेखन आणि हिशेब शिकवत, आणि त्यांत हिंदू मुलांबरोबर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाची मुलेही येत. शिक्षक बहुधा इथलेच असत. ख्रिस्ती नसलेल्या माणसांच्या हाती आपल्या शाळा सोपवण्याखेरीज मिशनऱ्यांना गत्यंतर नव्हते.

प्रश्न : माझी चाळीस वर्षे खिळे जुळवण्यात गेली. अमेरिकन मिशनच्या छापखान्याविषयी जुन्या कामगारांकडून ऐकले होते. त्याची सुरुवात हॉल यांनीच केली का? (निवृत्त कंपोझिटर, लालबाग)

आपल्यासारख्या हातांनी हे काम केलेल्या वाचकाचे पत्र आल्याचा विशेष आनंद झाला. होरेशिओ बार्डवेल हे पाद्री १८१६ च्या अखेरीस मुंबईत दाखल झाले, आणि त्यांना छपाईचे काम येत होते. यंत्र व देवनागरी खिळे (छपाईसाठी शिशात ओतलेली सुटी अक्षरे) कलकत्त्याहून मागवण्यात आले, आणि मार्च १८१७ मध्ये आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. तिच्या दीड हजार प्रती काढल्या होत्या. त्यापाठोपाठ बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचे काम हाती घेतले गेले. मजकूर हॉल आणि न्यूएल यांनी तयार करायचा (न्यूएल १८१४ मध्ये मुंबईला येऊन मिळाले होते) आणि बार्डवेल यांनी तो छापायचा, अशी विभागणी होती.

मुलांसाठी इथे थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजी मजकुराला लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे धरून जेवढे खिळे लागतात, त्याच्या कितीतरी पट अधिक खिळे देवनागरीला लागतात. ‘क’ एकटा पुरत नाही. ‘क्र’, ‘क्ष’, ‘क्त’ यांचे खिळे वेगळे, अर्धे अक्षर वेगळे, आणि डोक्यावरची वेलांटी व पायातला उकार नीट बसवण्याची कसरत वेगळी. प्रत्येक खिळा उलट्या आकाराचा असतो आणि जुळाऱ्याला उलटे वाचता यावे लागते. एका पानात हजारो वेळा हात खणांकडे जातो. मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शाने उमटणारे जोडाक्षर दोनशे वर्षांपूर्वी शिशात ओतावे लागत असे.

कलकत्त्याचे ते खिळे मोठे आणि ओबडधोबड होते. याच छापखान्यात काम शिकलेल्या थॉमस ग्रॅहम यांनी पुढे लहान आणि सुबक मराठी खिळे तयार केले. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले; छापलेले पंचांग घरी आणावे की नाही, याविषयी तेव्हा लोकांच्या मनात पुष्कळ शंका होत्या. पुढे जावजी दादाजी हा मुलगा याच मिशनच्या छापखान्यात उमेदवारी करून तयार झाला. त्यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी वळण आणि तिथून निघालेले संस्कृत ग्रंथ आपण हाताळले असतीलच. शुभवर्तमान छापण्यासाठी आणलेल्या यंत्राभोवती शिकलेली माणसे पुढे वेद, काव्ये आणि पंचांगे छापू लागली, ही गोष्ट मला अतिशय अर्थपूर्ण वाटते.

प्रश्न : हॉल यांच्या शाळेत मुली जात होत्या का? (नववीतील विद्यार्थिनी, भायखळा)

प्रारंभी मुली जवळजवळ नव्हत्याच. अमेरिकन मिशनने मुंबईत केवळ मुलींसाठी शाळा काढली ती १८२४ साली, म्हणजे हॉल यांच्या हयातीत. मुलीने वाचायला शिकले तर घरावर संकट येते, असे मानणारी घरे तेव्हा पुष्कळ होती, आणि अशा घरांतून मुलीला बाहेर आणणे परक्या पुरुषाला शक्य नव्हते. हे काम सिंथिया फरार यांनी मोठे केले. त्या अविवाहित होत्या आणि १८२७ च्या अखेरीस मुंबईला आल्या. बारा वर्षे इथल्या मुलींच्या शाळा सांभाळून १८३९ साली त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. अहमदनगरची त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती, आणि मुलींच्या शिक्षणाचा त्यांचा निश्चय तिथे अधिक पक्का झाला. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे काही शिक्षण फरार बाईंकडे घेतले. तू स्वतंत्रपणे लिहावे असे हे चरित्र आहे.

प्रश्न : हे लोक आपला धर्म बदलायला आले होते. मुलांपुढे त्यांचे गोडवे का गावेत? (एक पालक, दादर)

आपली शंका मी टाळणार नाही. हॉल धर्मप्रसारासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. इथल्या मूर्तिपूजेविषयी आणि चालीरीतींविषयी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे लिहिले आहे, त्यातील काही भाग आज वाचताना मन दुखावते, आणि आपल्याकडच्या भक्तीची, संतांच्या वाणीची खोली त्यांना उमगली नव्हती असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या पिढीत तर याने घरे दुभंगली. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा लहान भाऊ श्रीपत त्यांच्याकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, मुलगा आईवडिलांकडे परत आला आणि त्याला जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. त्या आईवडिलांचे दुःख खरे होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे लोकांनी शांतपणे ऐकले, हेही मुलांना सांगावे.

पण हॉल यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्यामागे सत्ता नव्हती. सत्ता त्यांना घालवून द्यायला निघाली होती. तेरा वर्षांत त्यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्या कामासाठी आयुष्य दिले त्यात दिसण्यासारखे यश नाही, तरीही भाषा शिकणे, शाळा चालवणे, छापखाना उभा करणे आणि आजाऱ्याला औषध देणे ही कामे त्यांनी सोडली नाहीत. मुलाने हे वाचावे आणि हॉल यांच्या मताशी असहमतही व्हावे. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला सहज जमतात, असा माझा शाळेतील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : हॉल परत अमेरिकेला गेले का? (सहावीतील विद्यार्थी, परळ)

नाही. त्यांचे सहकारी नॉट आजारपणामुळे १८१५ साली परत गेले आणि न्यूएल १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारले. हॉल यांनी १८१६ साली मार्गारेट लुइस या इंग्रज तरुणीशी लग्न केले होते. त्यांच्या दोन मुलांची प्रकृती ढासळली तेव्हा १८२५ साली मार्गारेटबाई मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. आपणही जावे असे हॉल यांना वाटले नसेल असे नाही, पण मुंबईचे काम सांभाळायला माणसे कमी होती. त्या दोन मुलांपैकी एक वाटेत समुद्रावरच वारला.

मार्च १८२६ च्या प्रारंभी हॉल मुंबईहून नाशिक व त्र्यंबककडे दौऱ्यावर निघाले. बरोबर मिशनमधली दोन मुले होती. नाशिकला पोहोचल्यावर त्यांना दिसले, की तिथे पटकीची साथ आली आहे आणि माणसे भराभर मरत आहेत. अमेरिकेतून निघण्यापूर्वी त्यांनी थोडे वैद्यकीय शिक्षण घेतले होते आणि सोबत औषधे होती. ती त्यांनी रोग्यांना वाटली. जवळजवळ सगळी संपली तेव्हा ते परत फिरले. एकोणीस मार्चच्या रात्री वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीवर त्यांनी चटई टाकली. जवळच दोन आजारी माणसे पडली होती. पहाटे चारच्या सुमारास पुढच्या वाटेला लागण्यासाठी ते उठले आणि त्यांनाच पटकीने गाठले. उरलेले थोडे औषध घेतले, ते पोटात ठरले नाही. आपण वाचणार नाही हे त्यांनी बरोबरच्या मुलांना सांगितले, आपल्या वस्तूंचे काय करायचे ते समजावले, पत्नीसाठी आणि मुलांसाठी प्रार्थना केली आणि दुपारपर्यंत प्राण सोडला. त्यांना बेचाळिसावे वर्ष चालू होते.

पटकीने मेलेल्या परक्या माणसाला गावात कोण हात लावणार? त्या दोन मुलांनीच मोठ्या कष्टाने खड्डा मिळवला, त्यांना घोंगडीत गुंडाळून पुरले आणि ती बातमी घेऊन मुंबईची वाट धरली. मराठी नव्या कराराचे काम त्याच वर्षी मुंबईच्या छापखान्यात पूर्ण झाले.